केळीवरचं चिलट आणि अमेरिकेहून आलेली झोप

मे महिन्यात रात्री नऊला न्यूयॉर्कहून निघालेलं विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरतं, तेव्हा इथेही रात्रीचे नऊच वाजलेले असतात. पूर्वेला उडणारं विमान सूर्याला सामोरं जातं, त्यामुळे मधला दिवस भराभर उरकतो. शिवाय उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून जाताना लागतो त्यापेक्षा येताना वेळ कमी लागतो. खिडकीपलीकडे उणे ५५ अंश, आणि आतल्या हवेचा दाब १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कमी. मग कसारा घाट चढून रेल्वेने ४२० किलोमीटरवर जळगाव. धुळेकरांना चाळीसगावला गाडी बदलायची. स्टेशनाबाहेर ४५ अंशांचं ऊन. दोन दिवसांच्या आत शंभर अंशांचा पल्ला!

पण मला खरं नवल वाटतं ते घरी पोहोचल्यानंतरचं. दुपारी दोनला कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर असताना लेकाची मान कलते, आणि पहाटे साडेचारला तोच स्वयंपाकघरात डबे उघडून बघत असतो. आईला काळजी वाटते. त्याच्या शरीराच्या लेखी मात्र दुपारचे दोन म्हणजे पहाटेचे साडेचार, आणि पहाटेचे साडेचार म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ.

शरीराचं हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा पुंजका. त्याचं गुपित उलगडलं ते मात्र फळमाशीत. रावेर-यावलच्या केळीचा घड जास्त पिकला की त्यावर जी बारीक चिलटं घोंगावतात, त्याच जातकुळीचा हा जीव. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कोनोप्का आणि बेंझर यांना तीन तऱ्हेच्या विचित्र माश्या सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला दिवसाचं भानच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात होते! पुढे १९८४ मध्ये हॉल, रोसबॅश आणि यंग यांनी ते जनुक वेगळं काढलं, आणि २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं. जनुक एक प्रथिन बनवतं, ते रात्रभर साठतं आणि साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं. मग ते विरतं आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. या फेऱ्याला लागतात सुमारे २४ तास. चिलटात जे जनुक, त्याचेच भाऊबंद आपल्या पेशीपेशीत आहेत.

हे घड्याळ रोज जेमतेम तासभर सरकतं. साडेनऊ तासांचा फरक भरून निघायला आठवडा सहज जातो. यकृत आणि आतडी आपापल्या गतीने मागून येतात, म्हणून झोप जुळली तरी भूक भलत्याच वेळी लागते.

घड्याळाला सरकवतो मुख्यतः प्रकाश, पण तोही वेळ पाहून. पहिल्या दिवशी जळगावचं सकाळचं कोवळं ऊन घड्याळाला उलट दिशेला ढकलू शकतं, कारण शरीराच्या हिशेबी ती अजून रात्रीची सुरुवात असते. उपयोगी पडतो तो दुपारी तीननंतरचा उजेड. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सकाळी सावलीत आणि संध्याकाळी ओट्यावर बसावं.

आणि शेवटी शरीराचं घड्याळ जुळतं तेही भिंतीवरच्या घड्याळाशी नव्हे, तर सूर्याशी. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. जळगाव त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य त्यानंतर सुमारे २८ मिनिटांनी डोक्यावर येतो, आणि धुळ्यात आणखी तीन मिनिटांनी.