बिनघुमटाची मशीद

फोंडा शहरापासून दोनेक किलोमीटरवर शहापूर येथे साफा मशीद उभी आहे. आदिलशाहीची गोव्यातली ही सर्वांत परिचित मशीद, पण विजापूर पाहून आलेला माणूस इथे थोडा हिरमुसतो. घुमट नाही, आकाशात चढणारे मिनार नाहीत. उंच चौथऱ्यावर एकच लांबट दालन, भिंतींत टोकदार कमानींचे कोनाडे आणि वर चक्क कौलारू उतरते छप्पर. राजधानीपासून दूरच्या मुलखात कमी पैशात उरकलेले बांधकाम, असा शेरा मारून पुढे जाणे सोपे आहे. मला तो शेरा चुकीचा वाटतो. ही वास्तू विजापूरची तोकडी नक्कल मुळीच नाही. ती कोकणच्या पावसाला आणि दगडाला दिलेले विचारपूर्वक उत्तर आहे, आणि तिचे नाते विजापूरच्या घुमटांपेक्षा आसपासच्या देवळांशी अधिक जवळचे आहे.

पहिला पुरावा छपराचा. विजापुरात वर्षाला सहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गोव्यात त्याच्या पाचपट, तोही बहुतेक चार महिन्यांत. विजापूरचा चुन्याचा घुमट आणि सपाट गच्ची इथे झिरपत राहणार, हे स्थानिक गवंड्याला सांगावे लागत नव्हते. यावर रास्त आक्षेप असा की आजची कौले काही सोळाव्या शतकातली नाहीत. ते खरेच आहे. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला, त्याआधी ती असण्याचा प्रश्नच येत नाही. पण कौले बदलली म्हणून छपराचा घाट बदलला असे होत नाही. कोकणात त्यापूर्वी हाती घडवलेले नळे होते, गवताची शाकारणी होती, आणि दोन्हींना उतारच लागतो. शिवाय दालनाचा आराखडा पाहावा. एका घुमटाला खाली चौरस लागतो. लांबट दालनावर घुमट चढवायचा तर आधी त्याचे कमानींनी चौरस खण पाडावे लागतात. इथे तसे खण नाहीत, एकसंध दालन आहे. लाकडी वासे आणि उतरते छप्पर त्याला सहज बसते. घुमट होता आणि तो पडला, असे मानण्यापेक्षा तो योजलाच नव्हता हे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरा पुरावा चौथऱ्यावर आहे. मशिदीभोवती जांभ्याचे अष्टकोनी खांब आज अर्धवट उंचीचे उरलेत. त्यांच्याकडे नीट पाहिले की कारागिराची युक्ती कळते. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो, आणि उघड्या हवेत सुकत घट्ट होतो. मात्र तो सच्छिद्र, भोकाभोकांचा. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून इथे शोभा येते ती कडांनी, पैलूंनी, कोनाड्यांच्या सावलीने आणि वरून केलेल्या चुन्याच्या गिलाव्याने. हीच भाषा शेजारच्या तळीत उतरली आहे. मशिदीचा हौद चिऱ्याने बांधलेला आहे, आत उतरायला पायऱ्या आहेत आणि भिंतींत मिहराबाच्या आकाराच्या कमानींचे लहान लहान कप्पे आहेत. मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा पाण्याच्या काठी पुन्हा पुन्हा येतो. नमाजाआधी वजू करायला एवढे मोठे तळे लागत नाही. अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, देवळापुढे तळी हवीच, ही जी सवय दिसते, तिच्याशी या हौदाचा सांधा जुळतो.

तिसरा पुरावा डिचोली तालुक्यातला, म्हापशाच्या वाचकाला अधिक जवळचा. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, लिंग नदीपार नार्व्याला आले आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1668 मध्ये तिथे देवालयाचा जीर्णोद्धार झाला. त्या देवळावर अष्टकोनी बैठकीवरचा बसका घुमट आहे आणि मंडपावर उतरते कौलारू छप्पर. देवळावर घुमट, मशिदीवर कौले: धर्मावरून घाट ठरतो असे मानणाऱ्याने हे जोडीने पाहावे.

आता काळाविषयी. मशीद 1560 मध्ये इब्राहिम आदिलशहाने बांधली, असे बहुतेक माहितीपत्रके सांगतात. पण पहिला इब्राहिम 1558 मध्ये वारला आणि दुसरा 1580 मध्ये गादीवर आला. साल खरे धरले तर कारकीर्द पहिल्या अली आदिलशहाची. माझ्या मुद्द्याला यातले कोणतेही चालते, कारण बार्देश आणि साष्टी 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यावर फोंडा ही आदिलशाहीची सरहद्द झाली होती. 1560 मध्येच गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले; त्याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. कळंगुटची शांतादुर्गा डिचोलीतल्या नानोड्याला गेली. हा सगळा आसरा आदिलशाही मुलखाचा. 1570 मध्ये याच अलीने गोव्याला वेढा घातला. यावरून विजापूरकर सर्वधर्मसमभावाचे पुतळे होते, असे मी म्हणणार नाही. अफझलखानाच्या स्वारीची आठवण मराठी वाचकाला करून द्यायला नको. सरहद्दीवर रयत हवी होती, महसूल हवा होता, पोर्तुगीजांना शह हवा होता. हेतू राजकीय असला तरी एकाच मुलखात, एकाच पिढीत, एकाच चिऱ्यातून मशीद आणि देवळे उभी राहिली ही वस्तुस्थिती बदलत नाही.

डिचोलीच्या नमाजगाहाचे उदाहरण देऊन कोणी विचारील, तिथे तर छप्परच नाही, मग पावसाचे काय? ती वास्तू वेगळ्या कामाची आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. 1683 च्या पोर्तुगीज मोहिमेच्या काळातले हे बांधकाम त्याचे मानले जाते. ईदच्या सामुदायिक नमाजाला उघडे पटांगण आणि पश्चिमेची भिंत एवढेच पुरते. रोजच्या नमाजाला मात्र छप्पर हवे, आणि ते कसे हवे हे शहापूरच्या कारागिराला पुरते ठाऊक होते.

साफा मशीद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेवढ्यावर समाधान मानू नये. माहितीपत्रकातला राजाच्या नावाचा आणि सालाचा घोळ दुरुस्त व्हावा, आणि गोव्यात वास्तुकला शिकणाऱ्या मुलांनी या हौदाची, खांबांची आणि नार्व्याच्या देवळाची मोजमापे शेजारी शेजारी मांडावीत. म्हापशाहून डिचोलीमार्गे निघालात, तर नार्वे आणि फोंडा एका दिवसात होतात. दोन्ही पाहा, आणि त्याच दिवशी पाहा.