आधी गाणं, मग गळा

‘बँड जबरदस्त आहे, फक्त त्या गाणाऱ्याला गप्प करा.’ प्रोग्रेसिव्ह मेटल पहिल्यांदा ऐकणाऱ्या बऱ्याच जणांचा अभिप्राय एवढाच असतो. गिटारची गुंफण आवडलेली असते, ड्रमचे हिशेब तोंडात बोट घालायला लावतात. तेवढ्यात कुणीतरी पोटातून गुरगुरायला लागतं, नाहीतर टिपेला जाऊन किंचाळतं, आणि कानातले इअरफोन बाहेर येतात. गंमत पुढेच आहे. यांतलेच काही जण वर्ष-दोन वर्षांनी त्याच बँडचे काळे टी-शर्ट घालून फिरताना दिसतात आणि ‘त्या आवाजाशिवाय हे गाणंच नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. मधल्या काळात आवाज तसूभरही बदललेला नसतो. मग बदलतं काय?

हा प्रश्न फक्त कॉलेजातल्या पोरांचा आहे, असं निदान वडोदऱ्यात तरी कुणी म्हणू नये. गळ्यावरून नाकं मुरडण्याचा आणि मग त्याच गळ्यापुढे मान तुकवण्याचा या गावाला चांगलाच अनुभव आहे.

गुरगुर गिटारची आणि गळ्याची

एक विसंगती आधी पाहू. मेटलमधली गिटार मुद्दाम खरखरीत केलेली असते. डिस्टॉर्शनमधून तिचा सूर फाडला जातो. ती खरखर आपण वाद्याचा रंग म्हणून मुकाट्याने स्वीकारतो. तीच खरखर माणसाच्या गळ्यातून आली की मात्र आपण दचकतो. गिटार हे वाद्य असतं, आवाज म्हणजे समोर उभा राहिलेला माणूस. तो रागावलाय, दुखावलाय की अंगावर येतोय, याचा निवाडा मेंदू सूर-ताल कळायच्या आधीच करून मोकळा होतो.

ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली माणसाच्या किंकाळीवर संशोधन प्रसिद्ध केलं. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा खालीवर होते, साध्या बोलण्यात इतक्या वेगाची थरथर फारशी नसते, आणि या थरथरीने मेंदूतला भीतीशी निगडित भाग जागा होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पहिल्या ऐकण्यात जो नकार येतो तो रसिकतेचा नसतोच. ती धोक्याची घंटा असते.

हा आवाज काढतात कसा, हे कळलं की घंटा थोडी मंदावते. आपल्या स्वरतंतूंच्या किंचित वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती बाजूला पडून असते. ‘ग्रोल’ करणारा गायक पोटातून श्वासाचा दाब देऊन बहुधा याच घड्या थरथरवतो. तिबेटी मठांतलं खर्जातलं मंत्रपठण आणि तुवा प्रांतातली ‘कारगिरा’ गायकी याच घड्यांवर उभी आहे. शिकलेल्या गायकाचा ग्रोल समोरासमोर ऐकला तर वाटतो त्यापेक्षा बराच हळू असतो. राक्षसी आकार त्याला मायक्रोफोन देतो. नुसतं ओरडत राहिलं तर गळा बसतो, म्हणून याचा रीतसर रियाज करावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी तर अशा गायकांना गळा न बिघडवता ओरडायला शिकवण्यातच नाव कमावलं.

वडोदऱ्यातले दोन गळे

सयाजीराव महाराजांच्या वडोदऱ्यात गाण्याला सरकारी खातं होतं. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. सूरसागरासमोरच्या आजच्या विद्यापीठीय संगीत विभागाचं मूळ तिच्यातच आहे. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच.

याच दरबारात वेगवेगळ्या काळात एकमेकांपासून सर्वस्वी निराळे दोन गळे नोकरीला होते. एक अब्दुल करीम खाँ. बारीक, टोकदार, सुरात विरघळणारा आवाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ताराबाई माने यांच्यासह वडोदरा सोडून गेले. पुढे या दोघांच्या लेकीने, हिराबाईंनी, ‘बडोदेकर’ हे आडनाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवलं. दुसरे फैयाज खाँ. रुंद, भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज. म्हैसूर दरबाराने त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ म्हणून गौरवलं आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी वडोदऱ्यातच त्यांचा अंत झाला.

पहिला गळा पहिल्या आलापातच जिंकतो. दुसऱ्याला आजच्या कानांनी वेळ द्यावा लागतो. लता मंगेशकरांच्या आणि मायक्रोफोनला ओठ लावून गाणाऱ्यांच्या आवाजावर वाढलेला श्रोता फैयाज खाँची जुनी तबकडी लावतो तेव्हा आधी ऐकू येते ती सुईची खरखर. मग ‘नोम’, ‘तोम’, ‘री’, ‘द’, ‘न’ अशी अर्थहीन अक्षरं धक्के देत येतात, स्वर कुरवाळण्याऐवजी ठोकून बसवल्यासारखे लागतात आणि गळा मोकळा सोडलेला असतो. ‘हे खाँसाहेब रागावलेत का?’ असं कुणा नवख्याने विचारलं तर त्याला हसू नये.

फैयाज खाँच्या आग्रा घराण्याचा इतिहासही याला साजेसाच आहे. त्यांचे आईकडून पणजोबा खुदाबक्ष यांचा आवाज इतका बसका होता, की ‘घग्गे’ हे विशेषण त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. घरातल्यांनी आशा सोडल्यावर ते ग्वाल्हेरला नत्थन पीरबक्षांकडे गेले, वर्षानुवर्षं घासून आवाज तयार केला आणि परतताना ग्वाल्हेरचा ख्याल आग्र्याच्या धृपदिया घराण्यात घेऊन आले, अशी परंपरा सांगते. ज्या गळ्याला घरानेच नाकारलं होतं, त्यानेच घराण्याला ख्याल दिला.

नुसतं घोटून भागत नाही

‘पुन्हा पुन्हा ऐक, आवडेल’ हा सल्ला सगळेच देतात. त्याला शास्त्राचा आधारही आहे, पण अर्धाच. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं, की अनोळखी शब्द, चिन्हं, चेहरे वारंवार समोर आले की नुसत्या ओळखीनेच ते बरे वाटू लागतात. मात्र पुढच्या प्रयोगांनी त्याला एक मेख लावली. ही ओळख चालते ती आपण तटस्थ असलेल्या गोष्टींच्या बाबतीत. जे सुरुवातीलाच डोक्यात गेलंय ते घोटत राहिलं तर नावड आणखी पक्की होण्याचा संभव असतो. शेजारच्या लग्नातलं एकच गाणं चौथ्यांदा वाजलं म्हणून कुणाला गोड लागत नाही.

म्हणून नावडता गळा पचतो तो बहुधा आडवाटेने. कान आधी दुसऱ्याच कशात तरी अडकलेला असतो. पोवाडा गाणाऱ्या शाहिराचा ताणलेला, टिपेचा आवाज घ्या. त्याला कुणी ‘भसाडा’ म्हणून उठून जात नाही; डफ-तुणतुणं आणि गोष्ट यांनी श्रोता आधीच बांधला गेलेला असतो. गोंधळ्याचंही तसंच.

आग्र्याच्या गाण्यात ही आडवाट लयीची आहे. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची मांडणी करताना स्वराच्या टोकाला अब्दुल करीम खाँचं किराणा ठेवलं आणि लयीच्या टोकाला आग्रा. फैयाज खाँ बंदिशीचे शब्द तोडतात, मात्रांवर उलटसुलट वाटतात, आता चुकले म्हणेपर्यंत मुखडा उचलून नेमके समेवर येतात. एकदा का श्रोत्याचा हात मांडीवर पडू लागला, की तो सम कुठे येणार याची वाट बघू लागतो. मग कळतं, की शब्दांची अशी ठोकाठोक मऊ, वाहत्या आवाजाला झेपली नसती. तिला ठाशीव उच्चार लागतो, वजन लागतं.

सम तिथेही असते

स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडचा गायक येन्स किडमन गोड गातच नाही. त्याच्या ओरडण्यात चालही जवळजवळ नसते. चाल शोधणारा कान इथे उपाशी राहणार. पण ड्रमकडे लक्ष द्या. झांज चार-चारचा सरळ ठेका धरून चालते आणि गिटारचा तुकडा विषम लांबीचा असतो. दोघं आपापल्या वाटेने जातात, अंतर वाढत जातं, आणि ठरलेल्या आवर्तनानंतर तुकडा छाटून पुन्हा ‘एका’वर आणला जातो. तिहाई ऐकलेल्या माणसाला यात परकं काही नाही. मग किडमनचा आवाज नव्याने ऐकू येतो. तो चाल गातच नव्हता, शब्दांनी ठेका वाजवत होता.

ओपेथ या दुसऱ्या स्वीडिश बँडची युक्ती वेगळी. त्यांचा मिकाएल ओकरफेल्ट एकाच गाण्यात मृदू गातो आणि गुरगुरतोही. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ या २००१ सालच्या अल्बमवरचं ‘द ड्रेपरी फॉल्स’ जवळपास अकरा मिनिटांचं आहे. संथ, उदास सुरावट आणि साधा, दुखरा आवाज यांत तुम्ही स्थिरावता आणि बऱ्याच उशिराने तळातून तो ग्रोल येतो. दोन्ही गळे एकाच माणसाचे आहेत हे कळल्यावर त्या गुरगुरण्यामागचा माणूस दिसतो, आणि मेंदूने दिलेला ‘धोका’ हा निवाडा सैल पडतो. धृपद अंगाचा तो दणदणीत आलाप संपवून फैयाज खाँ भैरवीची ठुमरी लाडिकपणे गात तेव्हा ऐकणाऱ्याचं असंच होत असणार. रुक्ष वाटलेल्या गळ्यात इतकं आर्जव कुठे दडलं होतं!

आपल्याकडच्या बँडनीही हा ताण ओळखला आहे. दिल्लीच्या केशव धर यांनी सुरू केलेल्या स्कायहार्बरने २०१२ सालचा पहिला अल्बम दोन भागांत काढला: एका भागात डॅनियल टॉम्पकिन्सचं सुरेल गाणं, दुसऱ्यात मुंबईच्या ‘भयानक मौत’ बँडच्या सुनीत रेवणकरचं ओरडणं. मुंबईच्याच डेमोनिक रेझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अख्खा अल्बम केला. मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंतची गोष्ट माहीत असलेल्या मराठी श्रोत्याला या दुसऱ्या बँडच्या गर्जनांत शिरायला कथेचा धागा आयताच मिळतो. नरसिंहाने सुरेल गुणगुणावं, अशी अपेक्षा कोण करील?

क्रम चुकवू नये

ज्यांना प्रयत्न करून बघायचाय त्यांनी थेट तोफेच्या तोंडी जाऊ नये. ओपेथचा २००३ सालचा ‘डॅम्नेशन’ हा अल्बम आधी ऐकावा. त्यात एकही ग्रोल नाही. मग ‘ब्लॅकवॉटर पार्क’. ऐकताना गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करावं आणि एका वाद्याचा पाठलाग करावा. फैयाज खाँच्या बाबतीत आधी ठुमरी-दादरा, मग जयजयवंतीची किंवा नटबिहागची बंदिश आणि शेवटी नोमतोम. एवढं करूनही गळा नाही पटला, तर त्यात ऐकणाऱ्याचं काही उणं नाही. प्रत्येक खरखरीमागे हिशेब असतोच असं नाही. काही गळे बेसूर असतात आणि बेसूरच राहतात.

पण पटलेला गळा किती खोल रुतून बसतो, याचा दाखला ओपेथनेच दिला. २०११ सालच्या ‘हेरिटेज’पासून त्यांनी ग्रोल पूर्ण सोडून दिला. नवख्याला हवं होतं तेच झालं: तेच वादक, तीच गुंफण आणि स्वच्छ गाणं. जुने चाहते मात्र हळहळले, भांडले, काही दूरही गेले. २०२४ च्या अल्बममध्ये ग्रोल परतला तेव्हा जगभरच्या मेटलवेड्यांनी त्याचं सणासारखं स्वागत केलं. त्यांतल्या कितीतरी जणांनी कधीकाळी याच गुरगुरीला कंटाळून इअरफोन काढून ठेवले असतील.