आधी भिंत, मग माल

किन्हवली परिसरात आणि शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांत कारवीचा कूड शेणमातीने लिंपायची जुनी रीत. आता विटांच्या भिंती वाढल्या. माल बदलला, तरी गिलाव्याआधी भिंत नीट तयार करण्याला पर्याय नाही.

• सांधे : बांधकाम ओलं असतानाच विटांमधले सांधे सुमारे १० मिलिमीटर कोरावेत. काँक्रीटच्या खांबाला टाचे मारावेत. खांब आणि वीट जुळतात तिथे जाळी ठोकावी. भेग पहिल्यांदा तिथेच पडते.

• पाणी : धूळ झाडून आदल्या दिवशी भिंत भिजवावी. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा सुटतो. भिंत ओलसर हवी, निथळती नको.

• माल : वाळू चाळलेली. आतून एका सिमेंटला सहा वाळू, बाहेरून चार. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये, ताकद जाते.

• जाडी : आत १२ मिलिमीटर, बाहेर दोन थरांत २०.

• निगा : किमान ७ दिवस पाणी मारावं. मग बोटाने वाजवून पाहावं. ‘बद्द’ आवाज आला, तर तेवढा तुकडा काढून पुन्हा भरावा.