एशियाड बस माहीत आहे, पण एशियाडची कॅप्टन?

हेडफोन लावा, आज थोडं मागं जायचंय.

लातूरच्या नाहीतर नांदेडच्या बसस्टँडवर आपले आई-बाबा अजूनही विचारतात बघा, "एशियाड लागली का हो?" गाडीवर लिहिलेलं असतं हिरकणी, एसटीच्या कागदावर ती निमआराम. मग हे एशियाड आलं कुठून? 1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्यालाच एशियाड म्हणायचे. तिथली ने-आण करायला आपल्या एसटीच्या नव्याकोऱ्या गाड्या दिल्लीला गेल्या होत्या. खेळ संपले, गाड्या परत आल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्याच एशियाडमध्ये भारताच्या महिला हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं. कॅप्टन होती एलिझा नेल्सन. जन्म 1956 चा, पुण्याचा. (सचिनला आपण 'तो' म्हणतो, मग हिलाही 'ती'च म्हणूया, राग नसावा.) हे नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकत असाल तर दोष तुमचा नाही. मीसुद्धा फार उशिरा ऐकलं. ते का, हे समजून घ्यायला दोन वर्षं मागं, मॉस्कोला जावं लागेल.

1980 चं मॉस्को ऑलिंपिक. महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आली होती, आणि आल्याआल्याच घोळ. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या म्हणून अमेरिका आणि अनेक देशांनी ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. महिला हॉकीतले हॉलंडसारखे तगडे संघ आलेच नाहीत. उरले सहा. आपला संघ त्यातला एक, आणि त्या संघात एलिझा.

सहा संघ, प्रत्येकानं बाकीच्या पाचांशी खेळायचं. सेमीफायनल नाही, फायनल नाही. जिंकलं की 2 गुण, बरोबरी झाली की 1. शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याचं सोनं. भारतानं ऑस्ट्रियाला 2-0 आणि पोलंडला 4-0 हरवलं. चेकोस्लोव्हाकियाकडून 1-2 अशी हार. झिम्बाब्वेशी 1-1 बरोबरी. हा झिम्बाब्वेचा संघ स्पर्धेच्या तोंडावर घाईघाईनं जमवलेला, आणि शेवटी सुवर्णपदक त्यांनीच नेलं!

राहिली शेवटची मॅच, 31 जुलैला, सोव्हिएत संघाशी, त्यांच्याच घरात. आता जरा गणित करा. भारताचे 5 गुण झालेले, सोव्हिएत संघाचे 4. म्हणजे जिंकायचीही गरज नव्हती, नुसती बरोबरी झाली असती तरी कांस्यपदक आपलं होतं. मॅच गेली 1-3 अशी. सोव्हिएत संघ तिसरा, आपण चौथे.

गंमत म्हणा की दुर्दैव, दोनच दिवस आधी, 29 जुलैला, आपल्या पुरुष संघानं स्पेनला 4-3 नं हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं. त्या जल्लोषात एका गुणानं पदक हुकलेल्या मुलींकडे कोण बघणार?

मग आलं 1982. आशियाई खेळांतही महिला हॉकी पहिल्यांदाच, आणि यावेळी कॅप्टन एलिझा. मॉस्कोत जे हातातून निसटलं, ते या संघानं दिल्लीत कुणाच्या हातात जाऊच दिलं नाही. हाँगकाँगला तर 22-0 असं हरवलं. होय, बावीस! पंजाबची राजबीर कौर गोलांमागून गोल करत होती. दक्षिण कोरिया दुसरा, मलेशिया तिसरा.

आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? 1 डिसेंबरची पुरुषांची फायनल. पाकिस्तानकडून 1-7. गोलकीपर मीररंजन नेगी यांच्यावर सगळा राग निघाला. पुढं 2002 मध्ये मँचेस्टरला आपल्या मुलींनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, तेव्हा हेच नेगी त्यांच्या गोलकीपरांना शिकवत होते. 2007 चा 'चक दे! इंडिया' तुम्ही पाहिलाय, त्याच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. म्हणजे 1982 मधल्या पुरुषांच्या हरण्याची आठवण सिनेमापर्यंत पोचली, मुलींचं जिंकणं मात्र तिथंच राहिलं. पुरुष जिंकले तेव्हाही मुली झाकल्या गेल्या, हरले तेव्हाही. मला ही गोष्ट खरंच टोचते.

सरकारनं दखल घेतली नाही असं नाही हं. एलिझाला अर्जुन पुरस्कार मिळाला, 1983 मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण पद्मश्री मिळणं आणि घराघरात नाव माहीत असणं, यात फरक आहे.

आता ऐका, हे कालचंच कौतुक का नाही. आशियाई खेळांत महिला हॉकीचं ते आपलं एकमेव सुवर्ण. 1998 आणि 2018 मध्ये रौप्यावर थांबलो. ऑलिंपिकचं तर त्याहून अवघड. 1980 नंतर आपला महिला संघ ऑलिंपिकला पोचला थेट 2016 मध्ये, रिओला. छत्तीस वर्षं! 2021 मध्ये टोकियोत ऑस्ट्रेलियाला 1-0 नं हरवून सेमीफायनल गाठली, शेवटी कांस्यपदकाची मॅच ब्रिटनकडून 3-4 अशी गेली. पुन्हा चौथे.

आपल्याकडचं बोलायचं तर नांदेडकरांना हॉकी नवी नाही. श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाच्या गोल्ड कपला देशभरातले संघ येतात, खालसा हायस्कूलच्या मैदानाभोवती गर्दी होते. पण तिथं आपण पोरांचा खेळ बघतो. पोरींना पुढं जायचं तर टर्फ लागतं, आणि जुन्या पद्धतीच्या टर्फवर मॅचआधी हजारो लिटर पाणी मारावं लागतं. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं हे कसं मागायचं? कमी पाण्याची टर्फ आता निघालीत, तेवढाच दिलासा.

रस्ता अजून तरी पुण्यावरूनच जातो. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे, दोघीही खेड्यातल्या, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून भारतीय संघात पोचल्या. फलटणहून पुणे तीनेक तासांवर. नांदेडहून रात्रभराचा प्रवास. बारा वर्षांच्या मुलीला तिकडं ठेवायचं म्हटलं की घरात काय बोलणं होतं, हे तुमच्यापैकी काहीजणींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तुमच्या शाळेत मुलींचा हॉकी संघ होता का? आजी-आजोबांनी 82 चं एशियाड टीव्हीवर पाहिलं असेल तर त्यांना मुलींची मॅच आठवते का, विचारा. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.