विशेषणे आणि अधिकारपद

'व्यवस्थापक' हा शब्द उच्चारताच मनासमोर पुरुषच का उभा राहतो, या प्रश्नाचा शोध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी वर्णनपर शब्दांच्या आधारे घेतला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना उद्बोधक वाटावी. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विमा कंपन्यांतील ३०० पुरुष व्यवस्थापकांपुढे ९२ शब्दांची एकच यादी ठेवण्यात आली. काहींनी ती सर्वसाधारण पुरुषाला, काहींनी सर्वसाधारण स्त्रीला, तर उरलेल्यांनी यशस्वी व्यवस्थापकाला लावून पाहिली. व्यवस्थापकाचे चित्र पुरुषाच्या चित्राशी बरेच जुळले. आत्मविश्वास, वस्तुनिष्ठता, जबाबदारीची आवड हे गुण पुरुषाकडे गेले. समंजसपणा व इतरांच्या भावनांची जाण मात्र स्त्री आणि व्यवस्थापक यांना जोडणारी ठरली, हेही नजरेआड करण्याजोगे नाही. १९७५ मध्ये १६७ स्त्री-व्यवस्थापकांनीही जवळपास तोच कौल दिला. १९८९ च्या फेरअभ्यासात स्त्रियांचे मत पालटलेले आढळले, पुरुषांचे नाही.

मराठीपुरते पाहिल्यास हा साचा सर्वस्वी व्याकरणात नाही. 'मी आदेश दिला' या वाक्यात क्रियापद आदेशाच्या लिंगाप्रमाणे चालते. बोलणारा पुरुष की स्त्री, हे त्यावरून कळत नाही. भेद उमटतो तो ऐकणाऱ्याच्या शब्दनिवडीत. त्याच आदेशामुळे पुरुष 'करारी' ठरतो आणि स्त्री 'कजाग'. हे दुसरे विशेषण पुरुषाच्या वाट्याला क्वचितच येते. ती मृदू वागली, तर 'कचखाऊ' हा शब्द तयारच असतो. 'साहेब' या शब्दाला कचेरीत रुळलेले स्त्रीरूप नाही. 'बाईसाहेब' म्हणताना किंचित उपरोध डोकावतो, म्हणून 'मॅडम' हा शब्द उसना घ्यावा लागला. 'मुख्याध्यापिका' मात्र केव्हाच रुळली. शाळेतील अधिकार हा वात्सल्याचाच विस्तार मानला गेला, म्हणून असेल.

अशी विशेषणे मूल्यमापनाच्या कागदावर उतरली की त्यांवर बढती अवलंबून राहते. भारतीय परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांना वरच्या श्रेणीसाठी पुरेशा गुणवान नसल्याचे ठरवून डावलण्यात आले होते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. विवाहापूर्वी स्त्री-अधिकाऱ्याने सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा या सेवेचा तेव्हाचा नियम होता. पुरुषांना तो लागू नव्हता. १९७९ मध्ये निकाल लागला, तोवर त्यांना बढती मिळालेली होती. काही महिन्यांपूर्वी अपुरी वाटलेली गुणवत्ता आता पुरेशी भरली होती.