नरसिंह राव : एका मौनाचा अर्थ

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी मी अनेक वर्षे वर्गात शिकविली. तिचा तेलुगू अनुवाद पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांनी केला आहे. एका विधवेच्या मूक दुःखाला परभाषेत वाचा देणारा हा मनुष्य सत्तापदावर स्वतः मौनी का राहिला, हा प्रश्न मला नेहमी पडे. त्याचे उत्तर, माझ्या मते, आपल्या हैदराबादेतच आहे.

३० सप्टेंबर १९७१ रोजी ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाला भरघोस बहुमत मिळाले. त्यांनी कमाल जमीनधारणेचा कायदा हाती घेतला आणि बडे जमीनदार दुखावले. त्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरविले. निजामकालीन या नियमांनी तेलंगणातील सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना अग्रहक्क दिला होता. रावांनी निकालाचे उघड समर्थन केले. किनारी आंध्रात ‘जय आंध्र’ आंदोलन पेटले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. एवढ्या बहुमताचा मुख्यमंत्री असा कसा जातो, याचे आम्हां विद्यार्थ्यांना नवल वाटले होते.

पुढे केंद्रात परराष्ट्र, गृह, संरक्षण आणि मनुष्यबळ विकास ही खाती त्यांनी सांभाळली. १९८४ मध्ये हनमकोंड्यात पराभव झाला, पण विदर्भातील रामटेकने त्यांना लोकसभेत पाठविले. २१ जून १९९१ रोजी ते पंतप्रधान झाले, तेव्हा पाठीशी बहुमत नव्हते. तरीही २४ जुलै रोजी बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धती रद्द झाली. उद्योग खाते त्यांच्याकडेच होते. पण गाजावाजा केला नाही. त्याच दिवशीच्या अर्थसंकल्पाकडे सर्वांचे लक्ष लागले होते. हैदराबादेत बहुमत असून जे साधले नाही, ते दिल्लीत अल्पमतात साधले. मोठा बदल हलक्या पावलांनी आणावा, हा धडा त्यांनी १९७३ मध्येच घेतला असावा.

परंतु गुणालाही मर्यादा असते. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा तीच वाट पाहण्याची वृत्ती देशाला महाग पडली. २००४ मध्ये ते निवर्तले; २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. सन्मानाने हा हिशेब मिटत नाही. माजी विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन : कोणत्या वेळी बोलावे आणि कोणत्या वेळी गप्प राहावे, याचा विवेक एकदा शिकून संपत नाही, तो दर प्रसंगी नव्याने करावा लागतो.