मराठवाड्याच्या पोटात ज्वालामुखी?

नांदेड-हिंगोलीकडे जमीन हलली, भांडी वाजली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘खाली ज्वालामुखी जागा होतोय.’ लातूरकडे हेच वाक्य किल्लारीच्या 1993 च्या भूकंपाचा दाखला देऊन सांगितलं जातं.

या समजाला अर्धा आधार आहे, म्हणून तो चिवट आहे. मराठवाड्याचा काळा कातळ लाव्हाचाच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. पण तो एखाद्या शंकूच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहत आला. त्याला ऊर्जा पुरवणारा तप्त स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजून उसळतो. भारताची भूमी मात्र उत्तरेला सरकत कधीच दूर आली. राहिला तो थंड दगड, तोही इथे फार जाड नाही. भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा 338 मीटरवर लाव्हाचे थर संपले. मध्ये गाळाचा पातळ थर आणि त्याखाली लाव्हाच्या कितीतरी आधीचा जुनाट, ग्रॅनाइटसारखा खडक. नांदेड जिल्ह्यात तर बोअरचीही गरज नाही : देगलूर-बिलोलीकडे हा ग्रॅनाइट उघड्यावरच दिसतो. किल्लारीच्या बोअरमध्ये जमिनीतून वर येणारी उष्णताही मोजली. ती शांत, जुन्या भूभागात असते तेवढीच, बेताची निघाली.

खरोखर जागा असलेला ज्वालामुखी कसा वागतो, ते इटलीत नेपल्सजवळ पाहावं. तिथे काम्पी फ्लेग्रेई नावाचा कॅल्डेरा आहे. प्रचंड उद्रेकात खालची लाव्हाची कोठी रिती झाली, वरची जमीन खचली आणि कित्येक किलोमीटर रुंद खळगा तयार झाला, तो कॅल्डेरा. त्यात पोत्सुओली हे शहर वसलं आहे. 1982 ते 1984 या काळात त्या शहराखालची जमीन जवळपास 1.8 मीटर वर आली. बंदर उथळ झालं, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, पण उद्रेक झाला नाही. तिथल्या रोमन बाजारपेठेच्या खांबांवर, माणसाच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे ती जमीन एकदा समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली. 2005 पासून ती परत फुगते आहे. हा फुगवटा जीपीएस, कलमापक आणि उपग्रहांवरचं रडार टिपतात. त्याच्या जोडीला बाहेर पडणारे वायू, पाण्याचं तापमान आणि लहान धक्क्यांची नोंदही ठेवली जाते. एकट्या धक्क्यांवरून तिथलेही शास्त्रज्ञ निष्कर्ष काढत नाहीत.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणेश विसर्जनानंतरची रात्र. तिथेही जमीन उचलली गेली. शेतात उंचवट्याची रेघ उमटली, काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास. पण ती एका झटक्यात उमटली, महिनोन् महिने फुगत आली नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे रेटला जातो आणि हिमालयापाशी अडतो. तो दाब आतल्या जुन्या तड्यांवर साचतो, आणि एखादा तडा सरकला की त्याची एक बाजू दुसरीवर चढते. त्याला लाव्हा लागत नाही.

मग गूढ आवाजांचं काय? 2006-07 मध्ये नांदेड शहरात, 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत लोकांनी जमिनीतून गडगडाट ऐकला. धक्का लहान असला आणि फार खोल नसला, तर त्याची कंपनं हवेत उतरतात आणि कानावर येतात. एवढंच. मात्र ‘आवाज आला म्हणजे मोठा भूकंप येणार’ आणि ‘आवाजाला काही अर्थ नाही’ ही दोन्ही टोकं चूक आहेत. किल्लारीत 1992 च्या ऑक्टोबरमध्ये धक्के बसले होते, मोठा भूकंप त्यानंतर जवळपास वर्षाने आला. नांदेडला 2006 नंतर तसं काही झालं नाही. कोणती मालिका विझेल आणि कोणती वाढेल हे आधी ओळखता येत नाही, आणि ते येतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचं गरम पाणीही पुरावा म्हणून पुढे केलं जातं. पावसाचं पाणी तड्यातून खोल उतरलं की तापतंच, कारण जमिनीखाली दर किलोमीटरला सरासरी 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं, कुठे कमी, कुठे जास्त. लोणार तर ज्वालामुखीचं मुख नव्हेच, ते उल्कापाताचं विवर आहे.

मोजमापाचा सगळ्यात मजेशीर घोटाळा मात्र आपल्या काळ्या मातीत आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा भेगेचा फोटो ‘जमीन फाटली’ म्हणून फिरतो. त्या मातीवर जीपीएसचा खांब उभारला तर तो मातीचंच वर-खाली होणं मोजेल. म्हणून खांब खालच्या कातळात रोवावा लागतो. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह जमिनीची सेंटीमीटरभर हालचालही दर 12 दिवसांनी टिपण्यासाठी बनवला आहे. मराठवाड्यात त्यालाही माती, उपसलेलं भूजल आणि खरी भूहालचाल वेगळी करावी लागेल. आणि दोन भूकंपांच्या मधल्या काळात इथल्या तड्यांवरची हालचाल इतकी सूक्ष्म असते की तिच्यावरून पुढच्या भूकंपाची तारीख काढणं शक्य नाही.

तारीख कळत नसली तरी तयारी करता येते. 1993 साली किल्लारी भूकंपाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होती. आठ ते दहा हजार माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. 2002 च्या नकाशात झोन 1 उरलाच नाही आणि किल्लारीचा परिसर झोन 3 मध्ये आला. लातूर-नांदेडमध्ये घर बांधताना अभियंत्याला विचारायचं ते इतकंच : आपलं गाव कोणत्या झोनमध्ये येतं, आणि त्याप्रमाणे कॉलम-बीमचं सळईकाम धरलं आहे का?